टिटवीचे कान

टिटवीला ऐकू कमी यायला लागलं होतं.

सुरुवातीला कोणी फारसं मनावर घेतलं नाही. पृथ्वीवरून हुकूम जायचा, 'कॅमेरा जरा डावीकडे वळव', आणि दीडेक तासाने 'वळवला' असं उत्तर यायला हवं, ते यायचं नाही. पुन्हा सांगितलं की टिटवी निमूट ऐकायची. मग दोनदा सांगावं लागू लागलं, मग तीनदा. मार्च उजाडला तेव्हा नियंत्रण केंद्रातली माणसं दिवसभर एकच हुकूम घोकत बसायची, बहिऱ्याच्या दारात उभं राहून हाका मारल्यासारखी.

टिटवी म्हणजे गुरूभोवती घिरट्या घालणारं आपलं यान. तिचे कान म्हणजे करंगळीच्या नखाएवढी एक चिप. ती चिप जिने घडवली ती इरावती चौगुले कोल्हापुरात, शिरोलीच्या एका लहानशा कंपनीत बसून त्या सकाळी चहा पीत होती, तेव्हा समोरच्या पडद्यावर मोहिमेचे प्रमुख वालावलकर उगवले. माणूस एरवी हसतमुख. आज चेहरा उतरलेला.

"चौगुलेबाई, पाचातले चार हुकूम वाया जातायत. आणि दीड महिन्यात आपल्याला युरोपाजवळून जायचंय."

युरोपा हा गुरूचा बर्फाळ चंद्र. त्याच्या कवचाला पडलेल्या एका भेगेतून पाण्याचं कारंजं उडताना टिटवीने मागच्या वर्षी पाहिलं होतं, आणि तेव्हापासून सगळ्या जगाचे डोळे तिच्याकडे लागले होते. त्या तुषारांतून टिटवीला आरपार न्यायचं, पाण्याची चव घ्यायची, असा बेत होता. पण भेगेच्या तोंडाशी नेम धरायचा तर शेवटच्या आठवड्यात शेकडो बारीकसारीक हुकूम द्यावे लागणार. बहिऱ्या यानाला ते कसे देणार?

"चिप तापवावी लागेल," इरावती म्हणाली.

"त्यासाठीच फोन केला. पण तापवायच्या हुकमाला दोन चाव्या लागतात ना? एक तुमची."

"हो."

"आणि दुसरी नसीम मुजावर यांची. त्या असतात कुठे? आमच्याकडचा नंबर लागत नाही."

"मिरजेला."

"मग जवळच की हो!" वालावलकरांचा चेहरा खुलला.

"जवळच," इरावती म्हणाली आणि उरलेला चहा तसाच ठेवला.

टिटवी सत्तर कोटी किलोमीटरवर होती आणि मिरज पन्नास. टिटवीशी इरावतीचं रोजचं बोलणं होतं. नसीमशी चौदा वर्षांत एकदाही नाही.

चिप बहिरी का होते, ते आधी सांगायला हवं. गुरूभोवती विद्युतभारित कणांचा असा काही मारा चालू असतो की साधी चिप तिथे दिवसभरही तग धरणार नाही. एखादा कण नेमका आत घुसला तर एकाचं शून्य करून टाकतो. 'डावीकडे'चं 'उजवीकडे' होतं. त्याला उपाय सोपा होता. इरावतीने एकाच चिपवर एकसारखी तीन विद्युत मंडलं, म्हणजे सर्किटं, बसवली, जणू तीन मैत्रिणी. तिघींनी तोच हुकूम ऐकायचा आणि दोघींचं जे मत पडेल ते खरं. एखादीचं डोकं फिरलं तरी बाकीच्या दोघी तिला सांभाळून घेतात.

पण दुसरा आजार हळूहळू चढणारा असतो. मारा सोसून सोसून चिपमधल्या काचेसारख्या पातळ थरांत विद्युतभार अडकून बसतो, गाळ साचल्यासारखा. मग मंडलं सुस्तावतात, क्षीण संदेश त्यांना उमगेनासे होतात. तिघींना एकदमच हा आजार होतो, तेव्हा मतदानाचा काही उपयोग नाही. यावर इलाज शोधला तो नसीमने. चिपच्या पोटातच एक चिमुकला हीटर ठेवायचा. चिप चांगली तापवली की अडकलेला भार सुटतो आणि मंडलं पुन्हा तरतरीत होतात. प्रयोगशाळेत हे चालताना पाहिलं तेव्हा दोघींनी एकमेकींचे हात धरून टेबलाभोवती फुगडी घातली होती.

आणि त्यावरूनच त्यांचं बिनसलं. तापत असताना चिपला काहीच ऐकू येत नाही. मग कधी तापायचं ते ठरवायचं कोणी? नसीम म्हणायची, चिपचं चिपला कळेल. इरावती म्हणायची, कान बंद करून घ्यायचा निर्णय यंत्रावर सोडायचा नाही, तो माणसांनीच घ्यायचा आणि तोही एकट्याने नाही. मोहिमेच्या समितीने इरावतीचं मानलं. दोन चाव्या ठरल्या. चिप ज्यांना सगळ्यात जास्त कळते, त्या दोघींच्याच. चिपमध्ये लिहून पुसता येईल अशी ओळख ठेवली तर गुरूजवळचे कण तीही पुसून टाकणार. म्हणून दोघींच्या चाव्यांची खूण चिपमधल्या धातूच्या तारा जाळून कायमची कोरून टाकली. ती आता वालावलकरांना काय, ब्रह्मदेवालाही बदलता आली नसती.

खुणा कोरून झाल्या त्या संध्याकाळी नसीम म्हणाली, "माझ्या चिपवर तुझा विश्वास नव्हता, इरा. म्हणजे माझ्यावरच नव्हता." महिन्याभराने नोकरी सोडून ती मिरजेला घरच्या तंबोऱ्यांच्या कारखान्यात जाऊन बसली. टिटवीच्या उड्डाणालाही आली नाही. ते इरावतीच्या मनाला लागलं. मग हिने फोन केला नाही, तिनेही केला नाही, आणि बघता बघता वर्षं निघून गेली.

मुजावरांचा कारखाना म्हणजे घराचाच वरचा मजला. जिना चढताना इरावतीला लाखेचा आणि ताज्या लाकडाचा वास आला. फळ्यांवर वाळलेले भोपळे ओळीने मांडलेले, काही तिच्या कमरेएवढे. दार उघडलं ते हलीमामावशींनी, नसीमच्या आईने.

"इरा? व्हय गं, इराच की तू! किती वाळलीस! खातीस का नाहीस काही?"

"खाते की, मावशी."

"दिसत नाही ते. नसीम, बघ कोण आलंय!"

नसीम खिडकीपाशी मांडी घालून बसली होती. मांडीवर तंबोऱ्याची घोडी, तारा जिच्यावर टेकतात ती, हातात बारीक कानस. केस पांढरे झाले होते आणि तिला शोभत होते. तिने मान वर केली नाही.

"चावी पाहिजे असेल."

"तुला कसं कळलं?"

"टिटवीच्या बातम्या मीपण वाचते. तिला ऐकू येईना हे मला दिवाळीतच कळलं. कधी येतीस त्याची वाट बघत होते." तिने हात पुसून पुढे केला. "आण, आकडे दाखव."

इरावतीने टॅबलेट दिला. नसीम वाचत राहिली. मध्येच चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. शेवटी टॅबलेट परत देऊन कानस पुन्हा हातात घेतली.

"नाही."

"काय नाही?"

"चावी लावणार नाही मी. तापवायचं नाही."

इरावतीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "नसीम, हीटर तुझा आहे. याच हीटरसाठी तू माझ्याशी भांडलीस!"

"भांडले. आता नाही म्हणते."

"म्हणजे सूड घेतेस का माझ्यावर? त्या बिचाऱ्या टिटवीने काय केलंय तुझं?"

नसीमच्या हातातली कानस थांबली. "सूड? हेच वाटतं होय तुला?"

इरावती ताडकन उठली. जिन्यापर्यंत पोचली, तर तिथे हलीमामावशी हातात ताट घेऊन वाट अडवून उभ्या.

"कुठं निघालीस? दालचा केलाय. भात झालाय. माझ्या घरातून उपाशी कोणी जात नाही. भांडायचं असलं तर जेवून भांडा, ताकद तरी येईल."

मावशींपुढे कोणाचं चालत नसे. दोघी समोरासमोर जेवायला बसल्या. चार घास झाले आणि इरावतीच्या तोंडून निघूनच गेलं,

"उड्डाणाला आली नाहीस तू."

"बोलावलंस कुठं?"

"पत्रिका पाठवली होती की!"

"पत्रिका ऑफिसने पाठवली. खाली कुणा साहेबाची सही. तू बोलावलंस का?"

उड्डाणाच्या दिवशी पाहुण्यांच्या रांगेत एक खुर्ची इरावतीने शेवटपर्यंत कोणाला बसू दिली नव्हती. आपल्याशेजारी नसीम बसेल म्हणून. पण ते तिने नसीमला कळवलं मात्र नव्हतं. तिने आत्ता सांगितलं. नसीमने ऐकून घेतलं, भातावर दालचा वाढून घेतला, आणि तोच भात कालवत बसली.

"मी गच्चीवर जाऊन बघितलं होतं," शेवटी ती म्हणाली. "इथून काही दिसणार नाही हे माहीत होतं, तरी."

"गच्चीवरून? समुद्रकाठचं उड्डाण?"

"अम्मीलापण नेलं होतं."

"मान अवघडली माझी," मावशी म्हणाल्या, आणि इरावतीला हसू फुटलं. नसीमलाही. एकदा सुटलेलं हसू आवरेना. ठसका लागला तेव्हाच थांबल्या.

"आता सांग," पाणी पिऊन इरावती म्हणाली, "का नको तापवायला?"

"हीटर बंद कोण करतं?"

"घड्याळ. सहा तास झाले की घड्याळ तो बंद करतं."

"आणि ते घड्याळ बसलंय कुठं? त्याच चिपमध्ये. त्यानेपण तेवढाच मारा खाल्लाय. थंडीत कसंबसं चालतंय. तापलं की गळती वाढणार. मध्येच बंद पडलं तर? हीटर चालू, कान बंद, आणि थांब म्हणून सांगायला कोणी नाही. भाजून निघेल ती, इरा. तेव्हा चिप कोरी होती, मला वाटायचं तिला सगळं जमेल. आता ती दमलीय."

इरावतीने टॅबलेट पुन्हा उघडला, घड्याळाचे आकडे काढले, वर्षभराचा आलेख पाहिला. नसीमचं बरोबर होतं. आपण कानांच्याच काळजीत राहिलो आणि घड्याळाकडे पाहिलंच नाही, हे तिला कळलं.

"मग तशीच बहिरी होऊ द्यायची?"

"तसं कुठं म्हणतेय मी?" नसीमने बोटाने ताटात तीन रेघा ओढल्या. "आत तिघी आहेत. तिघींना एकदम झोपवायची गरज काय? एकीला तापवू. बाकीच्या दोघी जाग्या राहतील, दारात उभ्या."

"हीटर एकच आहे. सगळ्या चिपखाली पसरलेला. तूच ठेवलास."

"हीटर विसर. दुसरं काय तापतं चिपमध्ये?"

"काही नाही. म्हणजे..." इरावती थांबली. तिचे डोळे मोठे झाले. "काम करताना तापतं! स्वचाचणी! प्रत्येक मंडलाला स्वतःला तपासून बघायची सोय आहे. एकीला मतदानातून काढायचं, स्वचाचणीला लावायचं आणि थांबूच द्यायचं नाही. सगळे स्विच पूर्ण वेगाने उघडझाप, उघडझाप..."

"पळव पळव पळवायची. घाम फुटेपर्यंत."

"हीटरइतकी नाही तापणार."

"न तापेना. सावकाश तापू दे. सहा तासांऐवजी सहा दिवस लागतील. आणि काही बिनसलं, तर बाकीच्या दोघींना सांगता येईल, बाई, थांबव हिला."

"आणि त्या दोघींचं आपसांत पटलं नाही तर?"

"तर हुकूम सोडून देतील, आपण परत सांगू. न पटणाऱ्या दोघींचं काय करायचं ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे."

एखाद्या मंडलाला मतदानातून काढणं म्हणजेही कानाशीच खेळ. त्या हुकमालाही दोन चाव्या लागणार होत्या. नसीम उठली, तारांची भेंडोळी ठेवायच्या खणातून एक बोटभर लांब धातूची पट्टी, तिची चावी, काढून आणली. लख्ख पुसलेली. चौदा वर्षं अडगळीत पडलेली वस्तू इतकी लख्ख नसते, हे इरावतीला दिसलं.

टिटवीवर प्रयोग करायच्या आधी पृथ्वीवर करून बघायला हवा होता. चिपची एक जुळी बहीण इरावतीच्या कपाटात होती, पण ती ठणठणीत. तिला आधी आजारी पाडायचं होतं. परदेशी जाणाऱ्या हापूसवर गॅमा किरण सोडून कीड मारतात, तसल्या एका केंद्राला वालावलकरांनी गळ घातली. ऐन हंगाम होता. आंब्यांच्या पेट्यांशेजारी चिपची डबी मांडली गेली. पेट्या तासाभरात बाहेर पडायच्या, डबी मात्र दिवस न् दिवस आतच. परत आली ती पार बहिरी होऊन, आणि तिच्याबरोबर त्या लोकांनी प्रेमाने एक पेटी आंबेही पाठवले.

मग नसीम रोज सकाळच्या गाडीने कोल्हापूरला येऊ लागली. यानात असते तेवढ्या थंडीत चिप ठेवून त्यांनी पहिल्या मंडलाला स्वचाचणीला लावलं. पहिला दिवस काही नाही. दुसरा दिवस काही नाही. नसीम आंबे कापत बसायची आणि इरावती आलेखाकडे टक लावून. तिसऱ्या दिवशी दुपारी रेघ किंचित वर उचलली.

"हललं का गं?" इरावतीने विचारलं.

"हललं."

"तुला दिसतंय म्हणून म्हणतेस, का मला बरं वाटावं म्हणून?"

"तुला बरं वाटावं म्हणून मी कधी काही म्हटलंय का?"

आठवडा संपता संपता ते मंडल नव्यासारखं ऐकू लागलं. या खेपेला टेबलाभोवती फुगडी घालायला गुडघे तयार नव्हते, पण दोघींनी एक गिरकी घेतलीच.

खऱ्या टिटवीला हुकूम द्यायचा दिवस आला. इथे एक गंमत झाली. जुनाच हुकूम कोणी चोरून पुन्हा पाठवू नये म्हणून दर खेपेला दोघींना नव्याने चाव्या लावून अंगठे ठेवावे लागायचे. आणि टिटवी तर पाचातला एखादाच हुकूम ऐकणार. म्हणजे सारखं म्हणत राहायचं. दुपारपासून दोघी शेजारी शेजारी बसल्या आणि वालावलकरांनी 'हं' म्हटलं की अंगठा टेकवू लागल्या. हं, अंगठा. हं, अंगठा. मध्ये वेळ भरपूर, करायला दुसरं काही नाही. तेव्हा बोलणं आलंच. नसीमचे वडील शेवटच्या आजारात कसे तंबोरा उशाशी घेऊन झोपायचे ते इरावतीला तिथे कळलं. इरावतीने मध्ये पुण्याची मोठी नोकरी नाकारली ती का, हे नसीमला कळलं. कोणाची पोरं काय करतात, कोणाचं काय दुखतं, सगळं निघालं. पडद्यावर वालावलकर आणि त्यांची माणसं मुकाट्याने ऐकत होती. आवाज बंद करायचं त्यांतल्या एकालाही सुचलं नाही.

गेलेल्या हाकेला तिथे पोचायला चाळीस मिनिटं, उत्तराला परतायला तितकीच. पहिली हाक जाऊन दीड तास उलटला, दोन उलटले. उत्तर नाही. इरावतीने नसीमचा हात धरला.

आणि मग पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवी ओळ उमटली. पहिलं मंडल मतदानातून बाहेर. स्वचाचणी चालू. तापमान वाढत आहे.

नियंत्रण केंद्रात जो गलका उसळला त्यात वालावलकरांचा 'अगो बाय माझे!' असा खास मालवणी आवाज सगळ्यांच्या वर होता.

पुढचं सगळं भराभर घडलं. पहिलं मंडल बरं झालं, मग दुसरं, मग तिसरं. तीन आठवडे सरता सरता टिटवी पहिल्या हाकेला ओ देऊ लागली. युरोपाच्या वाटेवर तिला शेकडो हुकूम दिले आणि तिने एकही चुकवला नाही. ठरल्या दिवशी ती त्या कारंज्यातून आरपार गेली, आणि पृथ्वीवर आकडे उतरले: खारं पाणी, आणि त्यात विरघळलेले असे काही पदार्थ की जीवशास्त्रज्ञांना आनंदाने बोलता येईना. मिरजेत हलीमामावशींनी सगळ्या आळीला शिरखुर्मा वाटला. कोणी विचारलं, ईद अजून लांब आहे ना? तर म्हणाल्या, "आमच्या टिटवीला पाणी सापडलं."

त्या आठवड्यात मोठी बैठक भरली. पडद्यावर पन्नास-साठ चेहरे. कौतुक झालं, टाळ्या झाल्या. शेवटी वालावलकरांनी घसा खाकरला.

"एक अडचण आहे. हा गुण कायमचा नाही. गुरूजवळचा मारा चालूच राहणार. दर सहा महिन्यांनी तिन्ही मंडलं अशीच तापवावी लागतील. आणि चाव्या तर बदलता येत नाहीत. म्हणजे दर खेपेला तुम्हा दोघींना एकत्र येऊन महिनाभर बसावं लागेल. तुमचे आपापले व्याप आहेत, याची मला कल्पना आहे. फार त्रास देतोय. पण इलाज नाही."

नसीमने अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "आणि टिटवी चालणार किती वर्षं?"

"निगा राखली तर वीस वर्षं सहज."

इरावतीने मनात हिशेब केला आणि चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून खाली बघितलं. शेजारून नसीमचा कोपर तिच्या बरगडीत बसला.

"इलाजच नाही म्हटल्यावर काय करणार, साहेब," नसीम सुस्कारा टाकून म्हणाली. "इरा, चष्म्याचा नंबर वाढू देऊ नकोस. आणि उद्यापासून रोज चालायला जात जा. मला वीस वर्षं पुरायला हवीस तू."